कलांचूसाठी बदनापूर

अण्णांचं मशीन चालू असलं की मला गाढ झोप लागायची आणि ते थांबलं की जाग यायची. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण आमच्या घरात ते तसंच होतं. जालन्यात मस्तगडला आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढं ओटा. ओट्यावर अण्णांनी पत्रे टाकून, पुढून फळ्या लावून शिलाईचं दुकान केलं होतं. पायमशीनची ती घरघर, मधूनच कापडातून जाणाऱ्या कात्रीचा आवाज, इस्त्रीतल्या कोळशांचा वास आणि ओल्या कापडावर इस्त्री फिरली की उठणारी वाफ, ह्यातच मी वाढले. आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं हिंडले. अण्णांना मात्र लहानपणीच जालन्यात एका दुकानात काजं-बटणं करायला बसवलं, आणि ते इथंच राहिले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आमच्यात कात्री पहिल्यापासून हाय. आधी लोकर कातरत होतो, आता टेरिकॉट."

आई उन्हाळ्यात गेली. त्याच्या आधीच्या थंडीत ती एकदा वांगी आणायला म्हणून मंडईत गेली आणि वांगी न आणता एक झाड घेऊन आली. तळहातावर मावेल एवढं. जाड, गुळगुळीत, कडेला कातरल्यासारखी पानं, आणि वर शेंदरी फुलांचे बारीक बारीक झुबके. हातगाडीवाल्यानं नाव कलांचू सांगितलं होतं. आई त्याला कळाचू म्हणायची. अण्णांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हे देवाला चालत न्हाई, डोक्यात माळता येत न्हाई. मंग आणलं कशाला?" आई म्हणाली, "बघायला चालतं की." त्या संध्याकाळी आम्ही वांग्याऐवजी बेसन आणि भाकरी खाल्ली, आणि तेलाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी खिळ्यानं भोकं पाडून आईनं ते झाड त्यात लावलं. मशीनच्या बाजूला एक खिडकी होती, सकाळचं ऊन थेट आत येणारी. तिथं ते बसलं. आईचं पोट तेव्हाच दुखायला लागलं होतं. ती खिडकीजवळ पडून राहायची आणि त्या फुलांकडं बघायची. फुलं दोन महिने टिकली. कुठलं फूल इतकं टिकतं हे आम्हांला माहीतच नव्हतं. फुलं सुकली, अण्णांनी आईला औरंगाबादला नेलं, परत आणलं, आणि मग ती गेली. मला ह्यातलं काहीही नीट कळलं नव्हतं. तिला काय झालं होतं हे आजही मला कुणी धड सांगितलेलं नाही, आणि आता सांगणारंही कुणी उरलं नाही.

मी तेव्हा नुकती तेरा वर्षांची झाले होते. आई गेल्यावर घरात बोलणं कमी झालं आणि मशीन जास्त चालायला लागलं. लग्नसराईत तर अण्णा रात्री अकरापर्यंत शिवत बसायचे. पत्र्याखाली पांढरी ट्यूबलाईट लावली होती, तिच्याभोवती पाखरं फिरायची. स्वयंपाक मी शिकत होते. भाकरी जाड व्हायची, कधी कच्ची राहायची. अण्णा तशीच खायचे. मी मात्र मनाशी एक ठरवून टाकलं होतं: आईचं वर्षश्राद्ध येईल तेव्हा कळाचूला फुलं आलेली असली पाहिजेत आणि ती तिच्या फोटोपुढं ठेवायची. हे मी कुणाला बोलले नव्हते. थंडी आली. झाड चांगलं पसरलं होतं, पानं हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. मी रोज पाणी घालायची, रोज वाकून बघायची. शेवटी एका सकाळी खालची पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा मी रडायला लागले. अण्णांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "बदनापूरला स्टेशनच्या पुढं एक नर्सरी हाय. मोसंबीची कलमं करतात. तिथं विचारू. रविवारी जाऊ."

अशी आमची पहिली फेरी झाली. पॅसेंजरनं बदनापूर म्हणजे बसलो न बसलो तोच उतरायचं. मांडीवर डबा घेऊन मी खिडकीशी बसले होते, आणि समोरच्या बाईनं विचारलं की ह्यात काय आहे, तर अण्णा म्हणाले, "पेशंट." मी पुष्कळ दिवसांनी हसले.

नर्सरी एका भावाबहिणीची होती. भाऊ मोसंबीची कलमं बघायचा आणि बहुतेक वेळ शेतकऱ्यांशी भाव करण्यात असायचा. शेडनेटच्या कोपऱ्यात फुलझाडांच्या कुंड्या होत्या, त्या बहिणीच्या. विमलबाई तिचं नाव. लुगड्यावर भावाचा जुना सदरा घातलेला, बाह्या दुमडलेल्या, हाताला माती. तिला नवऱ्यानं टाकलं होतं हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की ही बाई मोठ्यानं बोलते आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. तिनं डबा घेतला, मातीत बोट घातलं आणि माझ्याकडं वळली.

"रोज पाणी घालून राह्यली का?"

"हो."

"रोज भाकरी खाल्ली तर तू जगशील. हे न्हाई जगणार. ह्याच्या पानात पाणी भरलेलं असतं. हे बघ, दाबून बघ. माती वरून बोटभर कोरडी झाली की मंगच पाणी, न्हाई तर मुळ्या सडतात. आन् माती कुठली घातली?"

"अंगणातली," अण्णा म्हणाले.

"काळी. बराबर. काळी माती पाणी धरून बसती. कपाशीला चांगली, ह्याला विष." तिनं डबा उलटा करून हलकेच झाड काढलं, सडलेल्या मुळ्या कात्रीनं तोडल्या, नदीची जाड वाळू, थोडं जुनं शेणखत आणि विटेचे बारीक तुकडे मिसळून त्यात ते पुन्हा बसवलं. मग एक फांदी चार बोटं लांब कापून माझ्या हातात दिली. "ही घरी नेऊन सावलीत ठेव. लगेच मातीत खुपसू नको. कापलेली जागा वाळून तिच्यावर खपली धरली की मंग लाव. ओल्या जखमेनं लावली तर कुजती."

अण्णा हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "फूल का येत न्हाई?"

विमलबाईनं विचारलं, झाड कुठं ठेवता. अण्णांनी सांगितलं, दुकानात, मशीनच्या बाजूच्या खिडकीत. सकाळचं ऊन मिळतं. आणि रात्री? तिथंच. मी जागतो अकरापर्यंत, शिवत असतो. तिनं अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग झाडाकडं. म्हणाली, "येईल. आधी मुळ्या धरू द्या. पुढच्या रविवारी आणून दाखवा."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. त्याच्या पुढच्या रविवारीही. विमलबाईनं सांगितलं, शेंडे खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. आम्ही खुडले. सांगितलं, पानांवर पाणी सांडू देऊ नका, बुडाशीच घाला. आम्ही बुडाशी घातलं. दुपारचं चैत्रातलं ऊन लागू देऊ नका, पानं भाजतात. पडदा लावला. फांदी मुळं धरून बसली, तिची दुसरी कुंडी झाली, तिच्यापासून तिसरी. झाडं दृष्ट लागावी अशी झाली आणि फूल मात्र एकालाही नाही. वर्षश्राद्धाला आईच्या फोटोला झेंडूचा हार घातला. मी ब्राह्मणाकडं बघत बसले होते आणि माझ्या मनात तीन डबे होते, हिरवेगार, गप्प.

त्यानंतर तरी जाणं थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. उन्हाळ्यात एका पानावर डाग दिसला, गेलो. पावसाळ्यात एक फांदी वाकडी वाढली, गेलो. मला गंमत वाटायची आणि गोंधळही व्हायचा. विमलबाईनंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हे बिनकष्टाचं झाड आहे, विसरलात तरी मरत नाही. मग त्याला इतकं विचारायला लागतं कसं? मी अण्णांना एकदा म्हटलंही, "अण्णा, डाग तर पुसला की गेला. तो रंग होता." अण्णा म्हणाले, "विचारलेलं बरं." ते रविवारी दाढी करायचे. आधी लग्नाला जायचं असलं तरच करायचे.

मला तिथं आवडायचं हेही खरं. विमलबाई आम्हांला मोसंबी सोलून द्यायची, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे बांधून द्यायची. माझ्या केसांत एकदा बी अडकलं होतं तर तिनं मला पुढ्यात बसवून ते काढलं आणि मग न विचारताच वेणी घालून दिली, इतकी घट्ट की डोळे ताणले गेले. गाडीत मी ती वेणी सोडली. का सोडली, ते मला सांगता आलं नसतं. अण्णांनी बघितलं आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि त्या सदऱ्याची गोष्ट. दसऱ्याच्या सुमाराला अण्णांनी जाड निळ्या कापडाचा एक सदरा शिवला, बायकी गळ्याचा, दोन्ही बाजूंना मोठे खिसे, एकात कात्री मावेल असा, एकात सुतळी. बदनापूरला नेऊन दिला. विमलबाईनं तो लुगड्यावर चढवला तर खांद्यापासून मनगटापर्यंत कुठं सुरकुती नाही. मी परतताना विचारलं, "माप कवा घेतलं?" अण्णा म्हणाले, "नजरेत बसलं होतं." आता अण्णा असे शिंपी होते की दहा वर्षं जुन्या गिऱ्हाइकाचंसुद्धा दरवेळी फीत लावून माप घ्यायचे, आणि हाताखालच्या पोरांना सांगायचे, नजरेवर कापड कापू नका. मी घरी येईपर्यंत ह्याचा विचार करत होते आणि मला काही सापडलं नाही. आज हे लिहिताना वाचणारा हसत असेल. हसावं. सगळ्यांत जवळ बसलेल्याला सगळ्यांत शेवटी दिसतं, आणि शिवाय मी तेरा-चौदा वर्षांची होते, आणि माझी आई गेली होती. अण्णांना आई सोडून दुसरं काही असू शकतं हे मला दिसायला डोळेच नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी धावड्याला आजोळी गेले आणि मोठा डबा बरोबर घेऊन गेले, कारण अण्णा पाणी घालायला विसरतील किंवा जास्त घालतील, दोन्हींची मला भीती होती. आजीनं तो ज्वारीची पोती ठेवायच्या खोलीत खिडकीशी ठेवला. सुट्टी संपली तेव्हा मला आणायला आलेल्या जीपमध्ये माणसं इतकी कोंबली होती की डबा घ्यायला जागा नव्हती. मामा म्हणाला, "ठेव इथंच. मी आणून देतो." मामा म्हणजे माझ्या आईचा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा सर्वांत जास्त तो रडला होता.

संक्रांतीला मामा आला. एका हातात तिळाच्या लाडवांची पिशवी आणि दुसऱ्या हातात डबा. मी डब्याकडं बघितलं. प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्या. मिरीएवढ्या, हिरव्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि दोन-चार ठिकाणी शेंदरी टोक बाहेर आलेलं.

"काय घातलं मामा ह्याला?"

"कोण घालतंय? पाणीसुद्धा आजीच्या ध्यानात आलं तवा. पडून होतं पोत्यापाशी."

मी अण्णांकडं धावले. अण्णांनी मशीन थांबवून कळ्या बघितल्या. त्यांना आनंद झाला असं मला वाटलं, पण ते जे दिसलं त्याला आनंद म्हणायचं की आणखी काही, हे मला ठरवता आलं नाही. ते म्हणाले, "आली म्हनायची," आणि पुन्हा मशीनचं पायडल दाबलं.

जेवणं झाल्यावर मामा आणि अण्णा ओट्यावर बसले. मी आत भांडी घासत होते. आमच्या घरात भिंती होत्या, पण बोलणं अडवण्याइतक्या जाड नव्हत्या.

मामा म्हणत होता, "पोरीला मी धावड्याला नेतो. माझी आई हाय तिथं. पोरीच्या जातीला घरात बाईमाणूस लागतं."

अण्णांनी कात्री फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

"आन् दुसरं. बदनापूरचं काय ऐकून राह्यलो मी? दर रविवारी जाता म्हणे."

"झाडाचं विचारायला जातो."

"झाडाचं," मामा म्हणाला. मग मामाचा आवाज बदलला. "दाजी, माझी बहीण जाऊन किती दिवस झाले? आन् ती बाई नवऱ्यानं टाकलेली. पोरीला काय म्हनून सांगणार? तिला पण संगं नेता तुम्ही."

अण्णा म्हणाले, "पोरीला न्यायला आला असाल तर पोरीला विचारा."

मी हातातलं पातेलं तसंच धरून बसले. दर रविवार माझ्या डोक्यात एकेक करून फिरायला लागला आणि प्रत्येकाचा अर्थ बदलायला लागला, पण कुठलाच अर्थ पुरा बसेना. ते झाड आईचं होतं. मी ते आईसाठी नेत होते. अण्णा कशासाठी येत होते? आणि ती जी हसायची, मोसंबी सोलायची, ते कुणासाठी? मामावर मला राग आला, मग अण्णांवर आला, मग विमलबाईवर आला, आणि कुणावरच टिकेना.

दुसऱ्या दिवशी कर होती, म्हणजे किंक्रांत. करीला प्रवासाला निघू नये म्हणून मामा मुक्कामाला राहिला होता. मी शेजारच्या काकूंना मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलं, डबा पिशवीत घातला आणि स्टेशनवर गेले. एकटी मी तोवर कधी गाडीत बसले नव्हते. काय विचारायचं हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की कळ्या दाखवल्या की काहीतरी आपोआप होईल.

विमलबाई शेडनेटमध्ये रोपांना पाणी देत होती. निळा सदरा अंगात होता. तिनं आधी माझ्या मागं बघितलं, मग मला. "एकटीच आलीस? अण्णा कुठं हायेत?"

मी पिशवीतून डबा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं झारी खाली ठेवली. खाली बसली. कळ्यांना हात लावला नाही, नुसतं बघितलं.

"कुठं ठेवलं होतं?"

"धावड्याला. पोत्यांच्या खोलीत, खिडकीत."

"तिथं लाईट हाय का?"

"न्हाई."

तिनं मान हलवली. तिला नवल वाटलं नव्हतं. नवल वाटलं नाही हे मला दिसलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

विमलबाईनं हात सदऱ्याला पुसले. ती खोटं बोलू शकली असती. मला काही पडताळता आलं नसतं. ती म्हणाली, "हो. पहिल्या दिवशीच कळालं होतं. ह्या झाडाला कळी धरायला लांब रात्र लागती. दिवाळीपासून पुढं, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत अंधार. पुरा अंधार. मधी दिवा लागला की त्याला वाटतं दिवसच हाय. मंग ते पानंच काढत बसतं. तुमची ट्यूबलाईट अकरापर्यंत चालू."

"मंग सांगितलं का न्हाई? मी आईच्या श्राद्धाला ही फुलं ठेवणार होते."

तिला ते माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी पाठीत मारलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता."

हे एक वाक्य मी आयुष्यभर उलटंपालटं करून बघत आले. तुम्ही म्हणजे कोण? अण्णांना ती तुम्हीच म्हणायची. मला तू. पण आम्ही दोघं म्हटलं तरी तुम्हीच होणार. आपल्या भाषेत एकाला मान द्यायचा शब्द आणि अनेकांना म्हणायचा शब्द एकच असावा ही तेव्हा मला फसवणूक वाटली होती. पुष्कळ वर्षांनी, अण्णा गेल्यानंतर, एकदा ती कोथिंबीर निवडत बसली होती तेव्हा मी तिला विचारलं की त्या दिवशी तुम्ही कुणाला म्हणालात, अण्णांना की आम्हा दोघांना? ती म्हणाली, "आता ते कसं सांगू? तोंडात एकच शब्द होता, तोच आला." मला उत्तर मिळालं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी मी रडले का? नाही. मी उभी राहिले आणि ती उभी राहिली. मग ती भावाला ओरडून म्हणाली, "मी जालन्याला जाऊन येते," आणि डबा स्वतः उचलून माझ्याबरोबर निघाली. गाडीत आम्ही एका बाकावर बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आईचं झाड हाय हे अण्णांनी सांगितलं होतं. श्राद्धाचं माहीत असतं तर मी सांगितलं असतं. माझे रविवार गेले असते तरी." मी तिच्याकडं बघितलं नाही. तिच्या मांडीवरच्या डब्याकडं बघत राहिले. कळ्या गाडीच्या धक्क्यानं हलत होत्या.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मैत्रिणीकडं मी नाही हे उघड झालं होतं आणि अण्णा मला शोधायला गेले होते. ओट्यावर मामा उभा होता. त्यानं मला बघितलं, मग विमलबाईला बघितलं. ही कोण, हे विचारायची त्याला गरज नव्हती.

"पोरगी कुठं घावली?" त्यानं विचारलं.

"घावली न्हाई. माझ्याकडं आल्ती. तिची तिनं. एकटी कशी पाठवायची म्हणून सोडायला आले," विमलबाई म्हणाली, आणि डबा खिडकीत, त्याच्या जागेवर ठेवायला वळली. मग वरच्या ट्यूबलाईटकडं बघून थांबली. तिनं तो ओट्याच्या कडेला ठेवला.

तेवढ्यात अण्णा गल्लीतून पळत आले. पायात चप्पल नव्हती. आम्हां तिघांना एकत्र बघून ते जागच्या जागी थांबले. अण्णांना इतकं गोंधळलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते म्हणाले, "बसा ना." कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. बसायला गिऱ्हाइकांची एकच खुर्ची होती आणि तिच्यावर शिवायचे कपडे. मामानंच ते कपडे उचलून मशीनवर ठेवले आणि खुर्ची विमलबाईपुढं सरकवली. तिनं मान हलवून नको म्हटलं. खुर्ची मधोमध रिकामी राहिली.

मामा माझ्यापुढं गुडघ्यावर बसला. "मंगल, आता सगळ्यांसमोर बोल. तुला जे पाहिजे ते. धावड्याला येतीस का इथं राह्यतीस?"

अण्णा माझ्याकडं बघत होते. विमलबाई खाली बघत होती. मामाचे डोळे हुबेहूब आईसारखे होते हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं, आणि त्या डोळ्यांना नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. हो म्हणायचीही नव्हती. मी म्हणाले, "मला माहीत न्हाई."

मामा म्हणाला, "असं कसं?"

तर अण्णा म्हणाले, "मला पण माहीत न्हाई." आणि ते ओट्याच्या पायरीवर बसले, तोंड दोन्ही हातांत धरून. "ती गेली तवापासून मला काहीच माहीत न्हाई, भाऊ. दर रविवारी तिथं गेलो की जरा बरं वाटायचं. ह्याच्यापुढं मला माहीत न्हाई."

मामा गुडघ्यावरून उठला नाही. मला वाटलं तो आता ओरडेल. तो बसल्या बसल्याच रडायला लागला. विमलबाई आत गेली, आमच्या माठातून पाणी घेतलं, आणि आधी मामाला तांब्या दिला, मग अण्णांना. आमच्या घरात तिचं ते पहिलं पाऊल. मामा पाणी प्यायला आणि म्हणाला, "राहू द्या. पोरगी राहू द्या इथंच. तिला माहीत झालं की ती सांगेल."

मला माहीत झालं असं कधी झालं नाही. मी इथंच राहिले, शिकले, शिक्षिका झाले. मामा येताना दरवेळी काहीतरी आणत राहिला आणि तो प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही. त्या रात्री मी अण्णांना सांगितलं की फूल ट्यूबलाईटमुळं येत नव्हतं, तर ते सुईत दोरा ओवत म्हणाले, "असं का?" त्यांना आधीच माहीत होतं की नव्हतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखू शकले नाही. त्यानंतर मात्र दिवाळी झाली की ते सगळे डबे संध्याकाळी स्वतः उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवायचे, वर जाड बारदान टाकायचे आणि सकाळी बाहेर आणायचे.

विमलबाई आमच्याकडं राहायला आली ती मी दहावी झाल्यावर. देवळात हार घातले, बस. मामा आला होता आणि अण्णांच्या बाजूनं उभा राहिला होता. मी तिला आई म्हणाले नाही, मावशीही म्हणाले नाही. विमलबाईच म्हणत आले, आणि तिनं कधी दुसरं काही म्हणायला सांगितलं नाही. आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी तिनं चहा केला. त्यात आलं इतकं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा निमूटपणे प्यायले. मी म्हणाले, "तिखट झाला." ती म्हणाली, "उद्यापासून कमी घालते." दुसऱ्या दिवशीही तितकंच होतं. आता तिचे हात थरथरतात, आलं मी किसून देते, आणि ती वाटीतलं सगळं चहात टाकते.